उघडा चौक

नाथा वेल्डरने काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि गॅसची ज्योत चौकाच्या फाटकाच्या वरच्या बिजागरीला लावली. ठिणग्या उडाल्या तशी जमलेली माणसं मागे सरली. पंचशीला होती तिथेच उभी राहिली. रविवारची सकाळ होती आणि नवकिरण सोसायटीच्या चारही इमारतींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्यांतून बायका वाकून बघत होत्या.

दुसऱ्या मजल्यावरून कारखानीस खाली आले. नुकतीच अंघोळ झालेली, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. गर्दीतून वाट काढत ते तिच्यापाशी आले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. तळहातावर पितळी चावी होती.

"पंचशीलाबाई, चावी आहे ना माझ्याकडे. कुलूप काढून देतो. तोडताय कशाला?"

"राहू द्या तुमच्याकडे."

"अहो, पण पुन्हा लावायचं म्हटलं तर?"

"लावायचं नाही."

नाथाने मान वळवून खालची बिजागरीही कापू का, असं विचारलं. तिने हो म्हटलं. फाटक एका बाजूला कललं, दोघातिघांनी ते धरून आडवं केलं आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवलं. कारखानीस चावी हातात घेऊन बघत राहिले. मग त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली. ती खिशात जाताना पंचशीलाने नीट पाहिलं. १९८९ सालापासून ती याच एका हालचालीची वाट बघत होती, आणि ती हालचाल इतकी छोटी असेल असं तिला वाटलं नव्हतं.

सोसायटी मीरा रोडला, शांती नगरच्या पलीकडे, मिठागरावर भराव टाकून उभी राहिलेली. चार इमारती एकमेकींकडे पाठ करून बांधलेल्या आणि त्यांच्या पाठींच्या मध्ये हा चौक. पंचशीलाचे वडील बापूराव टेलिफोन खात्यात लाइनमन होते. परभणीहून मुंबईला आले, आयुष्यभर क्वार्टर्समध्ये राहिले आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी इथे तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर घेतलं. घराचं मागचं दार चौकात उघडतं, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी ते पसंत केलं होतं. संध्याकाळी खुर्ची टाकून बसता येईल, असं ते बायकोला, मुक्ताबाईंना, सांगायचे.

ते पुरतं वर्षभरही बसले नाहीत. १९८९च्या मे महिन्यात एका पहाटे झोपेतच गेले. परभणीहून थोरला मुलगा धम्मपाल आणि भावकी यायची होती, त्याला संध्याकाळ होणार होती. खोलीत पाच माणसं उभी राहिली तर सहाव्याने दारात थांबायचं, अशी जागा. बापूरावांना चौकात ठेवता यावं, माणसांना आत येता यावं म्हणून धम्मपालच्या आधी पोचलेले चुलते कारखानीसांकडे फाटकाची चावी मागायला गेले. कारखानीस तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी होते. पंचशीलाही बरोबर गेली होती, चुलत्यांच्या मागे, जिन्याच्या खालच्या पायरीवर.

कारखानीसांनी हात जोडले. फार वाईट झालं म्हणाले. बापूराव सज्जन माणूस होते म्हणाले. मग म्हणाले, चौक सोसायटीच्या मालकीचा आहे, अशा गोष्टींना दिला तर पायंडा पडतो. "आज तुमचं, उद्या कोणाचंही. तुम्हीच विचार करा."

फेब्रुवारीत त्याच चौकात ए विंगच्या लोकांनी सत्यनारायण घातला होता. मांडव होता, लाउडस्पीकर होता, बापूराव स्वतः प्रसाद घेऊन आले होते. चुलत्यांना ते ठाऊक नव्हतं. पंचशीलाला होतं. पण ती तेव्हा तेवीस वर्षांची होती, रडून तिचा घसा बसला होता आणि समोरचा माणूस हात जोडून उभा होता. जोडलेल्या हातांशी भांडायचं कसं, हे तिला सुचलं नाही.

बापूरावांना रस्त्यावर ठेवलं. रस्त्याच्या कडेला उघडं गटार होतं, त्याच्या अलीकडे जेवढी कोरडी जागा मिळाली तेवढ्यात. खाली बर्फाच्या लाद्या, वर दाराची फळी. दिवसभरात बर्फाचं पाणी गटारात जात राहिलं आणि मुक्ताबाई पदराने माशा वारत राहिल्या. पांढऱ्या कपड्यांतली माणसं येत गेली, त्रिशरण-पंचशील झालं, तेही तिथेच. वरच्या बाल्कनीत कारखानीस अधूनमधून येऊन उभे राहत आणि आत जात. दुपारी त्यांच्या पत्नी, हंसाबाई, थर्मास घेऊन खाली आल्या. मुक्ताबाईंना त्यांनी दोन घोट चहा पाजला. पंचशीलाने कप हातात घेतला नाही.

एकदा नियम म्हणून नाही म्हटल्यावर कारखानीसांना पुढे कोणालाच हो म्हणता येईना. ए विंगने पुढच्या वर्षी पुन्हा मांडवाची परवानगी मागितली, तेव्हा तिलाही नकारच द्यावा लागला. फाटकाचं कुलूप गंजलं. वापर नाही म्हणून झाडलोट नाही, झाडलोट नाही म्हणून वरून कचरा. नारळाच्या शेंड्या, दुधाच्या पिशव्या, फुटक्या फरश्या, केसांचे गुंते. अंडं खात नाही असं सांगणाऱ्या घरांच्या खिडक्यांखालीही टरफलं पडत. तळमजल्यावरच्यांनी मागची दारं कायमची लावून घेतली. पावसाळ्याचं पाणी दिवाळीपर्यंत तुंबून राही.

पंचशीला भाईंदरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचपट्ट्या बघायच्या. पावसाळा सरता सरता मलेरियाच्या पट्ट्या वाढायच्या आणि त्यांच्यावर चिकटवलेली आडनावं तिला ओळखीची वाटू लागायची. सी विंग तिसरा मजला, बी विंग पहिला मजला. तिला त्यांच्याविषयी वाईट वाटत नसे. तिला वाटे, हे उपयोगाचं आहे. लॅबमध्ये ती एक गोष्ट शिकली होती. जंतू वाढायला ठेवलेल्या बशीचं झाकण उतावीळपणे उघडायचं नाही. ऊब द्यायची आणि थांबायचं.

ती थांबली. पाण्याच्या टँकरच्या रांगांत उभी राहिली, आणि रांगेत बायका कशावरून चिडतात हे ऐकत राहिली. कमिटीत गेली. सेक्रेटरीपद कोणालाच नको असतं, हे तिला माहीत होतं. कारखानीसांना मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यावं लागलं त्या वर्षी तिने ते मागितलं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. सभेत तिने वडिलांचं नाव काढलं नाही. तिने डासांचं नाव काढलं. साचलेल्या पाण्यात अळ्या किती दिवसांत डास होतात, हे तिने शांतपणे सांगितलं, आणि चौक साफ करायचा ठराव एकमताने झाला. कारखानीसांनीही हात वर केला. ट्रक भरभरून घाण गेली. शहाबादी फरशी बसली, कडेने बाक आले, एका कोपऱ्यात आपोआप उगवलेलं बदामाचं झाड ठेवून दिलं.

फाटकाचा प्रश्न आला तेव्हा चेअरमन गुणवंतभाई म्हणाले, "बेन, ताला तो मंगता है ना? कोई भी घुस जाएगा."

"हां गुणवंतभाई," ती म्हणाली, "कोई भी."

त्यांना वाटलं, ती त्यांच्याशी सहमत आहे. फाटक कापलं गेलं तेव्हा त्यांना कळलं, पण लवकरच त्यांच्या कोपऱ्यावरच्या दुकानाला चौकातून येणारं गिऱ्हाईक दिसू लागलं. मग त्यांनीही तो विषय सोडला.

आणि मग ती माणसं आणू लागली. राई गावाहून टोपलीत मासळी घेऊन येणारी हौसाबाय गटाराच्या कठड्यावर बसायची. पंचशीलाने तिला आत बसायला सांगितलं. हौसाबायचा विश्वास बसेना. "बाय, मना कोन उठवनार न्हाय ना? मंग बोंबलू नको, आवशीची शपत घे," असं म्हणत ती आत आली आणि तिने नेमकी कारखानीसांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालची जागा धरली. ती जागा पंचशीलानेच दाखवली होती. दुपारी रिक्षावाले डबे खायला आणि आडवे व्हायला येऊ लागले. पलीकडच्या सेक्टरमधल्या बुरखा घातलेल्या बायका संध्याकाळी फेऱ्या मारायला येत. खाडीकडच्या झोपड्यांतली पोरं क्रिकेट खेळायची. जवळच्या बांधकामावरच्या बायका तान्ही मुलं बदामाखाली झोळीत टाकून जायच्या. चौदा एप्रिलला पहिल्यांदा जयंती झाली, तेव्हा लाउडस्पीकरच्या कर्ण्याचं तोंड कुठे करायचं, असं पोरांनी विचारलं. तिने दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे बोट केलं.

ती खिडकी आता बंद असायची. लॅबमधून आल्यावर पंचशीला मागचं दार उघडायची, आधी वर बघायची, खिडकी बंद आहे हे बघायची आणि मगच खुर्चीवर बसायची. लोक तिचं कौतुक करायचे. एक स्थानिक साप्ताहिकवाला फोटो काढून गेला, आणि चौक सर्वांसाठी खुला करण्याची कल्पना सुचली कशी, असं त्याने विचारलं. तिने उत्तर दिलं, "शेजाऱ्यांमुळे." त्याने ते तसंच छापलं.

चांगलं काम केल्याचं समाधान तिला वाटत नव्हतं. तसं वाटण्याची ती वाटही बघत नव्हती. तिला एक दिवस हवा होता. कारखानीसांच्या घराचा जिना अरुंद, वळण आखूड. कधीतरी त्या घरातही कोणीतरी जाईल. माणसं जमतील, आत मावणार नाहीत. तेव्हा ते खाली येतील आणि तिच्या दारात उभे राहून चौक मागतील. काय उत्तर द्यायचं, हे तिने ठरवलं नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखालच्या पट्ट्या सरकवताना तिच्या मनात निरनिराळी उत्तरं येत. कधी ती हात जोडे. कधी नुसतंच दार लावून घेई. पण त्यांनी मागायचं, एवढं नक्की होतं.

मध्येच हंसाबाई खाली येऊ लागल्या. गुडघे धरून, एकेक पायरी उतरत. पहिल्यांदा हौसाबायकडून कोलंबी घ्यायला आल्या आणि तिथेच बसून सोलू लागल्या. मग रोजच. घरात खिडकी बंद असते, उकडतं, असं त्या म्हणायच्या. खिडकी का बंद असते, ते त्या सांगत नसत. कामावरच्या बायकांची मुलं त्या झोळीत हलवायच्या. रिक्षावाल्यांना लोणचं द्यायच्या. मुक्ताबाई आणि त्या एका बाकावर बसून तासन्‌तास बोलायच्या. परभणीच्या आणि गिरगावच्या गोष्टी. पंचशीलाला ते बघवत नसे. एकदा तिने आईला घरात आल्यावर धरलं.

"तिच्याशी कशाला बसतेस?"

"का? बसू नगं?"

"चावी कुणाच्या घरात होती, विसरलीस?"

मुक्ताबाई भाकरीचं पीठ मळत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"चावी त्याच्यापाशी व्हती. हिच्यापाशी थर्मास व्हता. मला कुनी काय दिलं ते मी इसरले न्हाई, शीला. तू एकच याद ठिवलीस."

पंचशीलाला आईचा राग आला, आणि तो राग तिने कारखानीसांच्या खात्यावर टाकला.

हंसाबाई १९९८च्या नोव्हेंबरात गेल्या. सकाळी चहा गाळताना ओट्यापाशीच कोसळल्या. पंचशीला लॅबला निघण्यासाठी साडी नेसत होती, तेव्हा वर गडबड ऐकू आली. तिने पिना लावल्या, केस बांधले आणि पुढच्या दारापाशी येऊन उभी राहिली. आता ते येतील. तिने पायांत चपलाही घातल्या नाहीत. लॅबला उशीर होत होता, पण ती हलली नाही.

जिन्यावरून माणसं उतरली. तिच्या दारावरून पुढे गेली. कोणी तिच्याकडे पाहिलंही नाही.

ती मागच्या दाराकडे गेली तेव्हा रिक्षावाल्यांनी हंसाबाईंना चादरीत धरून चौकात आणलं होतं. हौसाबायने टोपली उचलून भिंतीशी नेली होती आणि बादलीभर पाणी ओतून जागा धुवून काढली होती. बदामाखाली चटई टाकली होती. बुरख्यातल्या दोघी जणी बाकावर बसून डोळे पुसत होत्या. मुक्ताबाई हंसाबाईंच्या उशाशी जाऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारत होत्या. कोणी कोणाला काही विचारलेलं नव्हतं. विचारायचं कोणाला? चौकाला फाटक नव्हतं. ते तिनेच कापून भंगारात दिलं होतं.

पंचशीला दारात उभी होती. तिला जे हवं होतं ते तिने स्वतःच होऊ दिलं नव्हतं, हे तिला तेव्हा कळलं. ती संतापली.

कारखानीस भिंतीशी खुर्चीवर बसले होते. त्यांचा मुलगा निहार पुण्याहून निघाला होता, त्याला दुपार होणार होती. पंचशीला त्यांच्यापाशी गेली. वाकली. सांत्वन करतेय असं लांबून बघणाऱ्यांना वाटलं असेल.

"विचारलं नाहीत मला?" ती म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं. "काय विचारायचं?"

"चौक. आम्ही विचारला होता."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. चष्म्यामागचे डोळे ओले होते, पण ते सकाळपासूनच तसे होते.

"माझ्या बापाला कुठे ठेवलं होतं, सांगा," ती म्हणाली. "एवढंच सांगा. मग जाते मी."

त्यांनी मान वळवून चटईकडे पाहिलं. त्यांना आठवत नसावं, असं तिला वाटलं, आणि ही शक्यता तिने कधीच धरली नव्हती. ज्या माणसाला ती इतकी वर्षं शिक्षा करत आली, त्याला गुन्हाच माहीत नाही. तिने वाढवलेलं सगळं, मासळी, कर्णा, पोरांचा चेंडू, हे त्यांच्या लेखी नुसती गैरसोय होती. ती सरळ झाली आणि बाजूला जाऊन उभी राहिली. लॅबला गेली नाही. शेवटपर्यंत बघायचं, एवढंच तिने ठरवलं.

निहार आला. तिरडी बांधली गेली. बायकांनी ओवाळलं, हौसाबायने मोठ्याने गळा काढला, मुक्ताबाईंनी तोंडाला पदर लावला. निहारने मडकं धरलं, चौघांनी खांदा दिला, त्यांत दोघे रिक्षावाले होते. कारखानीस मागून चालू लागले. फाटकाच्या जागेतून सगळे बाहेर पडले. बायका तिथेच थांबल्या, त्यांच्यात थांबायचीच रीत होती. पंचशीला थांबली नाही. ती वडिलांच्या मागून स्मशानापर्यंत गेलेली होती.

रस्त्यावर आल्यावर थोडं पुढे जाताच कारखानीसांचा आवाज आला.

"थांबा. विसावा घ्या."

खांदेकरी वळून बघू लागले. विसावा अर्ध्या वाटेवर असतो. तिथे तिरडी खाली टेकवायची, खांदे बदलायचे, मग पुढे. अजून सोसायटीची भिंतही संपली नव्हती.

"बाबा, इथे?" निहार म्हणाला. "आत्ता तर निघालो."

"इथेच."

"पुढे मंदिरापाशी चांगली जागा आहे, काका," कोणीतरी म्हणालं.

कारखानीसांनी ऐकलं नाही. ते रस्त्याच्या कडेला गेले. गटारावर आता काँक्रीटची झाकणं बसली होती आणि वर पानवाल्याने खोके रचून ठेवले होते. नऊ वर्षांपूर्वी तिथे काय होतं, हे सांगता येईल अशी एकही खूण उरली नव्हती. त्यांनी एक खोकं उचललं, बाजूला ठेवलं. दुसरं उचललं. पानवाला मदतीला धावला तर त्यांनी त्याला हाताने थांबवलं. सगळी खोकी हलवून झाल्यावर ते वाकले आणि त्या जागेवरचा चुना नि सुपारीचा चुरा तळहाताने लोटून त्यांनी जागा साफ केली. मग थोडं इकडे, थोडं तिकडे बघून भिंतीपासूनचं अंतर मनाशी धरल्यासारखं केलं आणि ते एक पाऊल डावीकडे सरकले.

बरोबर तिथेच. पंचशीलाला ती जागा डोळे मिटूनही दाखवता आली असती.

"इथे ठेवा," ते म्हणाले. "डोकं भिंतीकडे."

बापूरावांचं डोकं भिंतीकडे होतं.

तिरडी खाली टेकली. लोक एकमेकांकडे बघत होते. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं. निहारने मडकं सांभाळत वडिलांना पुन्हा हाक मारली. कारखानीसांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते तिरडीशेजारी उभे राहिले आणि त्यांनी मान वर करून गर्दीत शोधलं. पंचशीला सापडेपर्यंत शोधत राहिले. ती दिसल्यावर थांबले. हात जोडले नाहीत. दोन्ही हात, चुन्याने पांढरे झालेले, नुसते खाली सोडून उभे राहिले.

पंचशीलाने नजर काढून घेतली नाही. तिला रडू आलं नाही. मन हलकंही झालं नाही. हवं होतं ते सगळ्यांदेखत मिळालं होतं, आणि तिच्याखेरीज ते कोणालाच दिसत नव्हतं. ते परत करता येत नव्हतं आणि वाटूनही देता येत नव्हतं. तिने ते सगळं घेतलं, शेवटपर्यंत, एक पापणी न लववता.

अरुंद रस्ता तिरडीने अडला होता. मागे रिक्षा तुंबल्या. एकाने हॉर्न वाजवला, मग दुसऱ्याने. एक टेम्पो कडेने चाक पुढे काढू लागला. खांदेकरी घाईने जागा बदलू लागले.

पंचशीला रस्त्याच्या मधोमध गेली, टेम्पोच्या समोर उभी राहिली आणि तिने हात वर केला. टेम्पोवाला मान बाहेर काढून काहीतरी म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, हातही खाली घेतला नाही. हॉर्न एकेक करून थांबले.

मागून तिरडी उचलल्याचा आवाज आला, पावलं निघाली. ती वळली नाही. शेवटचा माणूस वळणाआड जाईपर्यंत ती तशीच, हात वर धरून, रस्ता अडवून उभी होती.